ठेव की काढ?

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. सीताबर्डीचा मुख्य रस्ता. दुपट्ट्यात गुंडाळलेली डोकी. पार्श्वभूमीला रसवंतीच्या घुंगरांचा आवाज.)

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या रस्त्यावर जो दिसतो, तो एक तर अडलेला असतो नाही तर पाहुणा. या दुकानात आज अडलेल्यांचीच गर्दी आहे. बर्डीच्या एका गल्लीतलं हे मोबाइल दुरुस्तीचं दुकान इतकं लहान, की आमचा कॅमेरामन अर्धा बाहेर उभा राहून चित्रण करतोय. काउंटरवर चार फोन पाठ उघडून पडलेत. एकाची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली आहे.

कारागीर ती चिमट्याने अलगद बाजूला करतो आणि समोरच्या पोराला विचारतो, "गेम कोणता खेळते रे?"

पोरगा वडिलांकडे बघतो. उत्तर देत नाही.

आपलं नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, अशी या कारागिराची अट आहे. दिवसा तो फोल्डर, म्हणजे काचेसकट पडदे, बदलतो, चार्जिंगच्या पट्ट्या लावतो. रात्री महाल भागातल्या घरी, वरच्या खोलीत बसून, मोबाइलवरच्या आणि हातात धरून खेळायच्या गेमांची परीक्षणं रेकॉर्ड करतो. भाषा नागपुरी. पाहणारे मोजकेच. त्याच्याकडे दहापैकी गुण नाहीत, तारे नाहीत. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी दोनांपैकी एकच शब्द येतो : ठेव, किंवा काढ.

हे असं का, असं आम्ही विचारलं. त्याने दुरुस्तीला आलेला एक फोन पुढे केला. "पहा. चौसष्ट जीबीचा आहे. त्यातले पन्नास तर फोटो आन् व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ. गेम चांगला आहे का, हे कोणी विचारतच नाही. त्याच्यासाठी काय काढू, हे विचारते."

(दृश्य : फोनच्या पडद्यावर तापल्याची सूचना. खिडकीबाहेर पांढरं ऊन.)

त्याच्या परीक्षणात पहिला मुद्दा गोष्टीचा नसतो, चित्रांचाही नसतो. तापण्याचा असतो. यात आम्हाला आधी गंमत वाटली. मग त्याने आकडा सांगितला. आयफोन घ्या, नाही तर हातात धरून खेळायची यंत्रं घ्या, निन्टेन्डोचा स्विच किंवा व्हॉल्व्हचा स्टीम डेक. वापरताना आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं, असं तिन्ही कंपन्या सांगतात. नागपुरात ३५ अंश मार्चमध्येच होतात. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा ही तिन्ही यंत्रं कंपनीच्या लेखी वापरायचीच नसतात.

स्विच आणि स्टीम डेकच्या पोटात छोटा पंखा तरी असतो. फोनकडे उष्णता बाहेर टाकायला फक्त पाठ असते, आणि त्या पाठीवर आपण जाड रबरी कव्हर चढवतो. चिप तापली की जळू नये म्हणून ती आपणहून मंदावते. सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा खेळ ४०वर येतो, मग ३०वर. पडदा आपोआप काळवंडतो. खेळणाऱ्याला वाटतं, नेट गेलं. तो राउटरला शिव्या देतो.

परीक्षणं बहुतेक थंड खोलीत, नव्या कोऱ्या फोनवर होतात. ती खोटी नसतात. फक्त ती त्या खोलीपुरती खरी असतात.

(दृश्य : जुने हातातले गेम, टेबलावर मांडलेले.)

हातात धरायच्या खेळाला बैठकीतल्या टीव्हीवरच्या खेळाची फूटपट्टी लावली की काय होतं, ते एकदा जगाने पाहिलं आहे. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. हिरवट राखाडी पडदा, रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला. दोन्ही रंगीत, दोन्ही उजेडाचे. कागदावर तुलना मांडणाऱ्याने गेम बॉयला नापासच केलं असतं. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा, आणि गेम बॉय चार सेलवर पंधरा-एक तास चालायचा. त्यामागे गुन्पेई योकोई या निन्टेन्डोच्या अभियंत्याची धारणा होती : मुरलेलं, स्वस्त तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या तऱ्हेने वापरा. त्याच्या रंगीत भावंडासह गेम बॉय ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकला गेला. गेम गिअर कोटीच्या आसपास थांबला.

आमच्या पिढीच्या हातात अर्थात गेम बॉय नव्हता. ब्रिक गेम होता. डब्यावर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १' आणि आत मोजून पाच-सहा खेळ. बाकी सगळे तेच, फक्त वेग वाढवलेला. मग नोकियाच्या फोनमधला साप आला. १९९७ साली ६११० या फोनवर तो पहिल्यांदा वळवळला, आणि आपल्याकडे ११०० घरोघरी गेला तेव्हा त्याचा भाऊबंद त्याच्यासोबत गेला. त्या सापाचं परीक्षण वाचून कोणी फोन घेतला नाही. तो फोनसोबत फुकट यायचा, जसा भाजीवाल्याकडे कोथिंबीर.

जुलै २००८मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात ५०० ॲप होती. एखाद्या माणसाने ठरवलं असतं तर सगळी बघून झाली असती. आज ते शक्य नाही, आणि समीक्षकाची खरी गरज आज आहे. पण नेमकी तीच जागा रिकामी होत चालली आहे. मुख्यतः मोबाइल खेळांवर लिहिणारं टच आर्केड हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झालं आणि सप्टेंबर २०२४मध्ये त्याने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर एकत्रित गुण यायला किमान चार परीक्षणं लागतात. मोबाइलवरच्या कितीतरी खेळांना चार समीक्षकच मिळत नाहीत.

मग उरतात तारे.

ताऱ्यांबद्दल आमचा कारागीर बोलायला लागला की थांबत नाही. २०१७ साली आपल्या लोकांनी स्नॅपचॅटवर राग काढायचा म्हणून स्नॅपडीलला एकेक तारा दिला होता, ही त्याची आवडती गोष्ट. "नाव सारखं दिसलं, दिला हाणून." त्याहून मोठी गोष्ट मॉन्युमेंट व्हॅलीची. २०१४ साली आलेला हा कोड्यांचा खेळ. अशक्य वाटणाऱ्या जिन्यांवरून एक छोटी राजकन्या चालत जाते. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पुढच्या वर्षी ब्रिटनच्या बाफ्टाचा मोबाइल आणि हँडहेल्ड विभागातला पुरस्कारही त्यालाच मिळाला. पण त्याच २०१४च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नवे टप्पे आले आणि त्यांना वेगळे पैसे पडले, तेव्हा एका ताऱ्यांचा पाऊस पडला. रक्कम दोन डॉलरच्या आत होती. खेळ वाईट झाला, असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. पैसे कशाला, एवढंच.

नोव्हेंबर २०२१पासून गुगल प्ले देशागणिक वेगळे तारे दाखवतं. म्हणजे इथे आपल्याला दिसणारी सरासरी आता आपल्याच लोकांची असते. त्यामुळे ती जास्त विश्वासाची झाली की कमी, यावर दुकानात दोन मतं आहेत.

(दृश्य : रेघांची वही. डॉट पेनने आखलेले रकाने.)

ही वही बघा. वरच्या खोलीतला खरा समीक्षक ही आहे. शाळेतल्या मुलांची लाँगबुक, त्यात आखलेले रकाने : तारीख, वेळ, बॅटरी किती उतरली, जाहिराती किती, पैसे कितीदा मागितले. एकेक खेळ तो पंधरा दिवस खेळतो. आधी नाही, नंतर नाही. कारण फुकट खेळ पहिले दोन दिवस जावयासारखं वागवतात. नाणी देतात, पेट्या उघडून देतात, हरूच देत नाहीत. खिशात हात घालतात ते आठव्या-नवव्या दिवशी. दोन दिवसांत परीक्षण करणाऱ्याला खेळ कळतो, त्याचा धंदा कळत नाही.

वहीतल्या एका पानावर तीन दिवसांच्या नोंदी एकाखाली एक आहेत. एका खेळात सोन्याच्या पेटीवर घड्याळ होतं : "फक्त आज रात्री बारापर्यंत." दुसऱ्या दिवशी तीच पेटी, तीच किंमत, तेच घड्याळ. तिसऱ्या दिवशीही. त्याने शेरा मारलाय, "याचे बारा कधी वाजतच नाहीत." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या तऱ्हांची यादी जाहीर केली. तिच्यात पहिलीच तऱ्हा आहे खोटी घाई. त्याने ती यादी छापून वहीत चिकटवली आहे.

या वहीत खोडाखोड पुष्कळ आहे. पुस्तकाचं परीक्षण लिहिलं की पुस्तक आपलं तसंच राहतं. मोबाइलवरचा खेळ एका अपडेटमध्ये दुसराच होतो. कधी तर राहतच नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला, पुढच्या जुलैत पुन्हा गायब झाला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. आमच्या कारागिराने त्याच्यावर चार वेळा परीक्षण केलं. चौथ्याच्या सुरुवातीला तो म्हणतो, "मागचं विसरून जा."

पैशांचा मोह त्यालाही झाला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. पत्त्यांच्या एका ॲपकडून निरोप आला. एका व्हिडिओला ते जे देत होते, ते त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जाणारं होतं. दोन दिवस त्याने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात एक जण फोन विकायला आला, आणि फोन सुरू करून पाहिला तर पडद्यावर तेच ॲप. त्याने नाही म्हणून कळवलं. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

पण पत्ते म्हटलं की सगळं सारखंच, असं तो मानत नाही. बलात्रो हा खेळ सप्टेंबर २०२४मध्ये फोनवर आला. पोकरचे डाव आहेत, पण खरा पैसा कुठेच लागत नाही. एकदा विकत घेतला की जाहिरात नाही, पेटी नाही, घड्याळ नाही. युरोपात खेळांना वयाचा शिक्का देणाऱ्या पेगी या संस्थेनेही त्याला आधी १८ वर्षांचा शिक्का मारला होता आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो १२वर आणला. कारागिराचा शेरा : ठेव.

त्याची सगळ्यात लाडकी शिफारस मात्र मिनी मेट्रो. पडद्यावर गोल, त्रिकोण, चौकोन उगवतात, म्हणजे स्थानकं. आपण बोटाने मार्ग ओढायचे. एखाद्या स्थानकावर फार गर्दी तुंबली की खेळ खलास. नेट लागत नाही, फोन तापत नाही. नागपूर मेट्रोची खापरीहून येणारी नारंगी आणि लोकमान्य नगरहून येणारी ॲक्वा मार्गिका बर्डीला एकमेकींना छेदतात, त्या स्थानकात उभं राहून हा खेळ खेळायला वेगळीच मजा येते, असं तो म्हणतो. खेळात मुंबईचा नकाशा आहे. नागपूरचा नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात विदर्भाचा सगळा अनुशेष उतरतो.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी जमलं नाही. मॉन्युमेंट व्हॅलीला त्याने 'काढ' म्हटलंय. दोन तासांत संपणारा असेल, पण इतका देखणा खेळ? मी वाद घातला. तो शांतपणे स्क्रू लावत राहिला.

"काढ म्हणजे वाईट नाही ना, भाऊ. पैसे देऊन खेळा, मस्त आहे. पण पंगत उठली की पत्रावळ उचलाच लागते."

मला अजून पटलेलं नाही. माझ्या फोनमध्ये तो आहे.

(दृश्य : काउंटर. एक बाई, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा.)

"भाऊ, याच्यासाठी गेम टाकून द्या एखादा. पण पैसे नाही कटले पाहिजे."

"काकू, नेट बंद करून चालते असा देतो. जाहिरात आली तर घेऊन या, मी पाहतो."

समीक्षेची हमी इथे अशी असते. आपण सुचवलेला खेळ बिघडला तर गिऱ्हाईक परत काउंटरवर येऊन उभं राहतं.

(दृश्य : महाल. वरची खोली. खिडकीत कूलर, बंद.)

हा दिवस त्याच्या सुट्टीचा. रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद ठेवावा लागतो, नाही तर आवाजात काहीच ऐकू येत नाही. दहा मिनिटांचं परीक्षण, शर्ट ओला. सहा महिन्यांपूर्वी 'ठेव' म्हटलेल्या एका खेळात आता दर डावाला जाहिरात येते, म्हणून आज तो आपलाच निकाल फिरवतोय. "काढ," असं म्हणून तो फोन बंद करतो आणि जिना उतरतो.

खाली आई पलंगावर आडवी. हातात फोन, पडद्यावर रंगीत गोळ्या. कँडी क्रश. २०१२पासून जगभर चाललेला हा खेळ पाच जीव देतो. ते संपले की अर्ध्या तासाला एक भरतो. मधल्या वेळात पैसे द्या, नाही तर थांबा. आमच्या कारागिराने याच्या या थांबण्यावरच एक अख्खा व्हिडिओ केला आहे, आणि आईच्या फोनमधून हा खेळ त्याने दिवाळीत स्वतः काढून टाकला होता.

"आई, हे काढलं होतं ना मी?"

"माह्या फोनातलं तू काढणारा कोण?"

"पैसे तर नाही ना टाकले त्याच्यात?"

"कायले टाकू? मले कुठं घाई आहे?"

पाचवा जीव गेला. तिने फोन उशीजवळ उलटा ठेवला आणि कूस बदलली.

"कूलर लाव. आन् अर्ध्या तासानं उठवजो."