कैचीवाली सायकल आणि कुलूप लागलेले कारखाने

मंडळी, इथे चाळिशीच्या पुढचे जेवढे बसले आहेत ना, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गुडघ्यावर एखादा तरी जुना वण असेल आणि तो सायकल शिकतानाचाच असेल. समोर पोट्टे बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. घरात सायकल एकच, वडिलांची, काळी, २८ इंची चाकाची, दांडा आपल्या छातीला लागायचा, सीटवर बसायचा प्रश्नच नाही, मग डाव्या हातात हँडल, उजव्या हातानं सीट नाहीतर दांडा धरायचा आणि उजवा पाय दांड्याखालच्या त्रिकोणातून घालून पलीकडच्या पायडलवर. हीच कैची. हाफ पायडल मारत गावाबाहेरच्या पांदीपर्यंत जायचं, तिथं पडायचं, चेन उतरायची, काळे हात चड्डीला पुसायचे आणि घरी दुसऱ्यांदा मार.

ज्याच्या घरी सायकल नाही तो चार-आठ आणे तासानं भाड्याची आणायचा, आणि त्या एका तासात तीन-चार पोट्टे शिकून घ्यायचे.

ती सायकल आपल्या काळ्या मातीसाठी कोणी बनवली नव्हती बरं का. तिचा घाट इंग्लंडचा, नॉटिंगहॅमच्या रॅलेसारख्या कंपन्यांचा, लोखंडी सळ्यांचे ब्रेक आणि जाड नळ्यांची फ्रेम, पण इथं ती अशी रुळली की पोस्टमन, मास्तर, दूधवाला सगळे तिच्यावर, आणि शेतकऱ्याच्या कॅरियरला ढेपेचं पोतं. पावसाळ्यात फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता चिखल, मडगार्डात माती गच्च बसली की चाक फिरतच नाही, पऱ्हाटीची काडी घेऊन माती कोरायची, दहा पावलं चालायचं, परत कोरायची, शेवटी कंटाळून सायकलच खांद्यावर. उन्हाळ्यात वेगळीच भानगड, हवा जरा जास्त भरली आणि सायकल उन्हात राहिली तर ट्यूब फाटकन फुटायची. बाभळीचे काटे तर बारा महिने.

आणि तरी ती टिकली, याचं कारण मला लय महत्त्वाचं वाटतं. एका कंपनीच्या सायकलचे छर्रे, चेन, आरे, ब्रेकचे रबर दुसऱ्या कंपनीच्या सायकलला बहुतेक बसायचे, कारण माप ठरलेलं. त्यामुळे बाजाराच्या गावातला मिस्त्री पान्हा, सोल्यूशनची ट्यूब आणि पाण्याचं घमेलं एवढ्यावर कोणतीही सायकल उभी करायचा. वडिलांची सायकल मुलानं चालवली, मग नातवानं कैचीवर शिकली. असं बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता ते बनवणारे कोण होते. मुंबईत वरळीला हिंद सायकल, बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासला १९४९ पासून टीआय सायकल्स, म्हणजे आपली हर्क्युलिस आणि बीएसए, सोनीपतला १९५१ मध्ये जानकीदास कपूर यांची ॲटलस, आणि लुधियानात १९५६ मध्ये मुंजाल बंधूंची हिरो. हिरोचं नाव तर १९८६ मध्ये जगात सर्वात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं.

आपण सगळे सर्रास म्हणतो की फटफटी आली आणि सायकल गेली. मला हे अर्धवट वाटतं. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण १९८० मध्ये खास कायदा करून झालं, कारण त्या आधीच डबघाईला आल्या होत्या, आणि हिरो होंडाची सीडी १०० ही फटफटी बाजारात आली १९८५ मध्ये. म्हणजे खेड्यातल्या दारात गाडी यायच्या आधीच दोन मोठे कारखाने आजारी होते. सरकारनं घेऊनही ते वाचले नाहीत, पुढे बंद पडले. आणि ज्या मुंजाल घराण्यानं सायकल गावोगाव नेली त्याच घराण्यानं गाडीही आणली, पुढे हप्त्यावर गाडी मिळायला लागली तेव्हा माणसानं सायकल कोपऱ्यात लावली, यात त्याचा काय दोष, चाळीस किलोमीटरवर दवाखाना असेल तर तो गाडीच घेईल.

ॲटलसचं मात्र मनाला लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडला सायकली पुरवणारी ही कंपनी. तिचा मालनपूरचा कारखाना २०१४ मध्ये गेला, सोनीपतचा, जिथं सुरुवात झाली होती तो, २०१८ मध्ये, आणि साहिबाबादचा शेवटचा २०२० मध्ये ३ जूनला, बरोबर जागतिक सायकल दिनी. कामगार सकाळी ड्युटीवर आले तर गेटवर नोटीस, कच्चा माल घ्यायलाही पैसा नाही म्हणून. लॉकडाऊनच्या दिवसात माणसं शेकडो मैल सायकलीनं घरी जात होती आणि त्याच दिवसात सायकल बनवणारे हात रिकामे झाले, हे मला आजही सहन होत नाही.

पोट्ट्यांना आज लहान मापाच्या गिअरच्या सायकली मिळतात, छान आहे, शिकताना पडत नाहीत, पण गिअर बिघडला की सामान अमरावती नाहीतर नागपूरहून आणा, तोवर सायकल पडून. सरकारच्या मानव विकास योजनेतून आपल्या मुलींना सायकली मिळाल्या, त्या शाळेत पोचल्या, ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यातल्या कितीतरी साध्या पंक्चरपायी उभ्या दिसतात कारण गावात मिस्त्रीच उरला नाही.

म्हणून माझी विनंती आहे. गोठ्यात काळी सायकल असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तशी सायकल, रोडस्टर म्हणतात तिला, लुधियानात अजून बनते, तेव्हा टायर, चेन, रबर सगळं मिळतं. आणि आपले म्हातारे मिस्त्रीकाका मागच्या रांगेत बसले आहेत, या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-चार पोट्टे-पोट्ट्या त्यांच्यापाशी बसवा, पंक्चर तर शिकतीलच, चाकाचा आऊट काढायलाही, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करायलाही, शिकू द्या. काका तयार आहेत, मी त्यांना विचारूनच आलो, नावं आत्ताच द्या.