सीलिंग बंद होण्याआधी

दृश्य : होटगी रोडवरच्या एका बांधकामाचा तिसरा मजला. उघडा स्लॅब. त्याखाली रॉडवर टांगलेले चौकोनी पत्र्याचे डक्ट. खाली घोडीवर उभा राहून एक कारागीर काळ्या रबराची शीट मापून कापतो आहे.

निवेदन :

विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर. इथे नवं रुग्णालय, शोरूम किंवा वातानुकूलित मंगल कार्यालय उभं राहत असेल, तर बहुतेक वेळा त्याच्या छताखाली हे असंच दिसतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे डक्ट. मशीनमध्ये थंड झालेली हवा यांच्यातून मजलाभर फिरते. काही दिवसांत जिप्समचे बोर्ड चढतील, रंग लागेल, आणि मग पुढची कित्येक वर्षं या पत्र्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही.

म्हणूनच आजचा विषय आहे या पत्र्यावर चढणारं आवरण, म्हणजे डक्टचं इन्सुलेशन. इमारतीच्या नियमांत त्याला जागा आहे, तपासणीला येणारा माणूस त्याबद्दल विचारतो, आणि ते चुकलं तर वीजबिल, सीलिंगवरचे डाग आणि आगीचा धोका हे तिन्ही मालकाच्या माथी येतात. आमचं म्हणणं एवढंच, की हे काम बघायचं असेल तर सीलिंग उघडं असतानाच बघावं लागतं.

दृश्य : गच्चीवरून दिसणारं मे महिन्यातलं शहर. पांढरं पडलेलं आकाश.

निवेदन :

आधी उष्णतेचं बघू. मशीनमधून निघणारी हवा साधारण १३ अंशांची असते. सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४२ अंश सहज असतात. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि स्लॅब व सीलिंग यांमधली पोकळी ४० अंशांच्या आसपास पोचते. म्हणजे पत्र्याच्या आत आणि बाहेर सत्तावीसेक अंशांचा फरक, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर पत्रा.

उघड्या डक्टच्या प्रत्येक चौरस मीटरमधून अशा वेळी शंभर ते दीडशे वॅट उष्णता आत शिरते. सहाशे बाय तीनशे मिलिमीटरचा, सतरा मीटर लांब डक्ट घ्या. त्याचा पृष्ठभाग होतो तीस चौरस मीटर. म्हणजे जवळपास एक टन, म्हणजे साडेतीन किलोवॅट, थंडावा खोलीत पोचायच्या आधीच पोकळीत जिरला. तोच डक्ट २५ मिलिमीटर रबरानं नीट झाकला, तर चौरस मीटरमागे तीसेक वॅट राहतात.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली २००७ मध्ये, आणि ती सुधारून आली २०१७ मध्ये. शंभर किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण वीज) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी), तिथपासून पुढच्या इमारती तिच्या कक्षेत येतात. या संहितेत डक्टसाठी एक छोटासा तक्ता आहे. इमारतीच्या आत, पण वातानुकूलित नसलेल्या जागेतून जाणाऱ्या सप्लाय डक्टला, म्हणजे थंड हवा खोलीकडे नेणाऱ्या डक्टला, आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, किमान ०.६ हवं. उघड्यावरच्या सप्लाय डक्टला १.४ आणि उघड्यावरच्या रिटर्न डक्टला, म्हणजे हवा मशीनकडे परत आणणाऱ्या डक्टला, ०.६.

आर-मूल्य काढायला इंजिनिअरच लागतो असं नाही. जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि सामग्रीच्या उष्णतावाहकतेनं भागायचं. डक्टला वापरतात त्या नायट्राइल रबराची वाहकता असते ०.०३५ च्या आसपास. आता १९ मिलिमीटरचं रबर घेऊन भागाकार करून बघा. उत्तर येतं ०.५४. पोकळीसाठी हवे आहेत ०.६. म्हणजे कोटेशनमध्ये बिनदिक्कत लिहिली जाणारी १९ ची शीट थोडक्यात नापास होते, आणि २५ ची ०.७१ घेऊन पास होते.

गच्चीवरच्या डक्टचं गणित याहून कडक आहे. तिथे १.४ साठी जवळजवळ ५० मिलिमीटर लागतात. शिवाय नायट्राइल रबराला ऊन सोसत नाही. उघडं ठेवलं तर ते कडक होतं, तडकतं, त्याची भुकटी व्हायला लागते. त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच किंवा ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्याचं कापड) आणि कोटिंग हवंच, आणि कवचाचे जोड असे हवेत की पावसाचं पाणी आत न ओघळता बाहेर निघेल. सोलापूरच्या उन्हात ही कसर करू नये.

दृश्य : सप्टेंबरमधला ढगाळ दिवस. एका जुन्या सीलिंगवर ग्रिलच्या कडेनं पसरलेला पिवळट डाग.

निवेदन :

सोलापुरात या कामाची खरी परीक्षा उन्हाळा घेत नाही. ती घेतो पावसाळा.

थंड पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच थंड पत्र्यालाही फुटतो. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. पत्रा त्याच्याहून थंड असला की थेंब धरतात. मे महिन्याच्या दुपारी इथली हवा कोरडी ठणठणीत असते. तापमान ४२ आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर दवबिंदू उतरतो १० अंशांपर्यंत. आपला डक्ट १३ वर. म्हणजे साफ उघडा डक्टसुद्धा त्या दिवशी कोरडा राहतो! मुंबईत पहिल्याच दिवशी टपकलं असतं. सोलापुरात ठेकेदार मे महिन्यात मशीन चालू करून दाखवतो, एक थेंब पडत नाही, मालक खूश होऊन चेक देतो.

मग जून उजाडतो. इथे पाऊस उशिरा जोर धरतो, सप्टेंबर हा सर्वांत ओला महिना. अशा दिवसांत तापमान २८ आणि आर्द्रता ८५ टक्के असली, की दवबिंदू थेट २५ अंशांवर चढतो. उघड्या पत्र्याचं सोडाच. १३ मिलिमीटर रबर लावलेलं असलं तरी त्या रबराचाच बाहेरचा पृष्ठभाग २४ च्या आसपास राहतो आणि त्याला घाम येतो. १९ चं रबर अगदी काठावर असतं. २५ चं निभावून नेतं.

आणि घाम सगळीकडून एकदम येत नाही. तो येतो कमजोर जागी. डक्टचे दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे फ्लँजचा कठडा बाहेर येतो. सपाट भागावर रबर चढवलं आणि फ्लँज तशीच ठेवली, तर पहिला थेंब तिथून. डक्ट ज्या पट्टीवर टेकतो, तिथे वजनानं रबर दबून निम्मं होतं, दुसरा थेंब तिथून. ग्रिलची कॉलर, डॅम्परची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) मूठ, फांदी फुटते तो कोपरा, या सगळ्या जागा कारागिराला वेळ खाणाऱ्या आणि बिलात न दिसणाऱ्या. चांगला कारागीर फ्लँजवर रबराची वेगळी पट्टी चढवतो आणि पट्टीखाली लाकडाचा किंवा कडक फोमचा ठोकळा देतो.

रबराऐवजी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, वापरलं असेल तर आणखी सांभाळावं लागतं. त्याच्यावरचं फॉइल ही वाफेला अडवणारी भिंत. तिला एक भोक पडलं, टेप एका ठिकाणी सुटली, की ओली हवा आत शिरते, आत पाणी होतं आणि लोकर भिजून बसते. भिजलेल्या लोकरीचा इन्सुलेशन म्हणून काही उपयोग उरत नाही, आणि खाली पत्रा गंजायला लागतो.

दृश्य : कारागिराचे हात. फडक्यानं पत्रा पुसणं, ब्रशनं चिकटवणारं द्रावण लावणं.

निवेदन :

हे काम हातांचं आहे. पत्र्यावरची धूळ आणि तेल पुसायचं. द्रावण पत्र्यालाही आणि रबरालाही लावायचं. बोट लावलं तर ते बोटाला लागणार नाही इतकं सुकेपर्यंत थांबायचं, मग शीट न ताणता दाबून बसवायची. ताणून बसवलेलं रबर पुढे आकसतं आणि जोड उघडे पडतात. टेप शेवटी, जोड बसल्यावर. निदान एक दिवस तरी मशीन चालू करायची नाही.

या द्रावणाची वाफ ज्वालाग्राही असते आणि डोकं धरणारीही. छताला चिकटून, पोकळीत डोकं घालून काम करणाऱ्या माणसासाठी पंखा लावणं, शेजारचं वेल्डिंग तेवढा वेळ थांबवणं, ही साइटच्या मालकाची जबाबदारी आहे.

आणि या सगळ्याच्या आधी डक्टची गळती तपासायची. अंधारात डक्टच्या आत दिवा सोडला की फटींतून उजेड दिसतो. रबर चढल्यावर फट झाकली जाते, हवा मात्र जातच राहते.

दृश्य : जिन्याजवळची जाड भिंत. तिच्यातून आरपार गेलेला डक्ट.

निवेदन :

आता आग. सोलापूर हे कापसाचं, सुताचं, चादरी-टॉवेलचं शहर. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या आगीचा डक्टशी संबंध आम्ही जोडत नाही. पण त्यानंतर या शहरात आगीच्या नियमांकडे नुसता कागद म्हणून बघणं कुणालाही शोभणारं नाही.

डक्ट ही धुरासाठी तयार वाट असते. एका खोलीतला धूर ती सगळ्या खोल्यांत पोचवते. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची, सांगते की आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नसतील तर ७५० चौरस मीटरहून मोठा मजला अग्निरोधक भिंतीनं विभागावा, आणि त्या भिंतीतून डक्ट जात असेल तिथे फायर डॅम्पर बसवावा. त्यातली कडी साधारण ७२ अंशांना वितळते आणि झडप पडते. जिना, सामायिक कॉरिडॉर, लिफ्टसमोरची जागा या सुटकेच्या वाटा हवा परत नेण्यासाठी वापरायला मनाई आहे. लहान इमारतींमध्ये खर्च वाचवायला नेमकं हेच केलेलं असतं, आणि ते पाहिलं की जीव घाबरतो.

इन्सुलेशनबद्दल संहितेची भूमिका स्पष्ट आहे. डक्टच्या आत किंवा बाहेर लावायची सामग्री न जळणारी असावी, ग्लासवूल बांधायलासुद्धा जळणारी वस्तू वापरू नये. बाजारात मात्र नायट्राइल रबर आणि एक्सएलपीई (पॉलिएथिलीनचा फोम) ‘क्लास ओ’ म्हणून विकलं जातं. क्लास ओ म्हणजे बीएस ४७६ या ब्रिटिश मानकाच्या भाग ६ आणि ७ च्या चाचण्यांत ज्वाला पृष्ठभागावर फारशी पसरली नाही आणि आगीत त्या मालाची भरही थोडीच पडली, एवढंच. ते रबर जळतच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हा फरक विक्रेता आपणहून सांगत नाही. म्हणून डिझाइनच्या वेळीच सल्लागाराशी आणि अग्निशमन विभागाशी बोलून सामग्री ठरवावी. रुग्णालय असेल, खाली कापडाचं गोदाम असेल, तर आमचा कौल फॉइल लावलेल्या ग्लासवूललाच राहील, मग काम थोडं अवघड झालं तरी चालेल. पण डक्टच्या आतून मात्र रुग्णालयात लोकर लावू नये, तिचे तंतू हवेत यायला नकोत.

भिंतीतल्या भोकाकडेही बघा. डॅम्परशी इन्सुलेशन थांबलं पाहिजे, जळणारं रबर भिंतीतून आरपार जाता कामा नये. डॅम्पर आणि भिंत यांमधली जागा त्याच्या चाचणीत ठरलेल्या पद्धतीनंच भरावी, हाताला लागलेला पिवळा फोम भरून चालत नाही. डॅम्परजवळ डक्टला एक दार आणि खाली सीलिंगलाही एक झाकण हवं, नाहीतर तो डॅम्पर चालतो की नाही हे कुणाला कळणार? आगीची घंटा वाजताच हवा फेकणारा पंखा आपोआप बंद पडला पाहिजे, हेही त्याच दिवशी चालवून बघावं.

कारखान्यांसाठी एक गोष्ट वेगळी. टॉवेल आणि शिलाईच्या शेडमध्ये डक्टच्या माथ्यावर तंतूंचा थर बसतो. तो खालून दिसत नाही आणि ठिणगीला पुरतो. माथ्यावर पृष्ठभाग गुळगुळीत ठेवावा आणि झाडायची पाळी ठरवून द्यावी.

दृश्य : टेबलावर कागद. चाचणी प्रमाणपत्र, नकाशा, मोबाइलमधले फोटो.

निवेदन :

तपासणीला येणारा अधिकारी तासाभरात सगळी इमारत बघतो. बंद सीलिंगच्या वर त्याची नजर पोचत नाही. साइटवर वाक्य ठरलेलं असतं, “अण्णा, सीलिंगवाला उद्या येतोय, आता वर कोण चढून बघतंय?” मालकानं इथेच थांबवलं पाहिजे. प्रत्येक रांगेचा, प्रत्येक फ्लँजचा, भिंतीतल्या प्रत्येक भोकाचा फोटो, शेजारी टेप धरून जाडी दिसेल असा. शीटवर छापलेलं नाव आणि जाडी चाचणीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघायची, कारण प्रमाणपत्र एका मालाचं आणि शीट दुसऱ्याची, असंही घडतं. हे झाल्याशिवाय सीलिंगचा बोर्ड चढू द्यायचा नाही, मग मुहूर्त पुढे गेला तरी चालेल.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली मालकाला परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. हा फॉर्म आगीच्या यंत्रणेचा. पण एजन्सीचा माणूस फायर डॅम्पर बघायला शिडी लावेलच. जुलैच्या फेरीत, हवा ओली असताना, त्याच शिडीवरून बॅटरी मारून आजूबाजूच्या फ्लँज आणि टेकू बघून घ्यावेत, रबराला हात लावून बघावा. ओलं लागलं तर तेवढा भाग कापून, पत्रा सुकवून, पुन्हा चिकटवता येतो, आणि खालच्या सीलिंगला डाग पडायच्या आत ते काम उरकतं.