एक जूनचा जन्म, सहा जानेवारीचा कागद
(ज्येष्ठ नागरिकांसमोर छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक काम करू. ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो त्यांनी हात वर करा.

बघा, निम्मं सभागृह. आपल्याला यात काही नवल नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन गुरुजींसमोर उभा राहायचा. जन्म कधीचा विचारलं की उत्तर यायचं, ‘रझाकाराच्या धामधुमीतला’ नाहीतर ‘ज्वारी काढायच्या दिवसांतला’. गुरुजी वयाचा हिशेब बसवून १ जून टाकून मोकळे. तीच तारीख पुढं सेवापुस्तकात गेली, पेन्शनच्या कागदात गेली, पासपोर्टावर छापली गेली. इथं तिनं कुणाचं काही अडवलं नाही.

अडतं ते मुलाकडे अमेरिकेला गेल्यावर. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या फॉर्मवर आधी महिना, मग दिवस, मग साल लिहायचं असतं. आपण सवयीनं ०१/०६/१९५२ लिहितो. तिकडचा कारकून वाचतो ६ जानेवारी १९५२. पासपोर्टावर १ जून, फॉर्मवर ६ जानेवारी. झाली दोन माणसं! व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात महिना नावानं निवडायचा असल्यामुळे ही चूक होत नाही. ती होते नंतरच्या फॉर्मांत, जिथं नुसते आकडे भरायचे असतात. तारीख १३ किंवा पुढची असेल तर ऑनलाइन अर्ज लगेच अडवतो, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ मधली तारीख तो गुपचूप स्वीकारतो. आपल्या नशिबी नेमकी पहिली तारीख.

आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवतीच आहे. परदेशातला अधिकारी तुमच्याकडे पाहत नाही, तुमचे दोन कागद एकमेकांशी जुळतात का ते पाहतो. न जुळणारे बहुतेक कागद इथंच तयार झालेले असतात, तहसिलीत, झेडपीच्या शाळेत, नाहीतर लग्नाच्या मांडवात. म्हणून दुरुस्तीही विमानात बसायच्या आधी, इथंच करायची.

मांडवाचं आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. माहेरची प्रयाग सासरी सुलोचना झाली. शाळेच्या दाखल्यावर प्रयाग, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर सुलोचनाबाई. मुलाच्या जन्मदाखल्यावर, दवाखान्यात ज्यानं नाव सांगितलं त्याच्या तोंडात असेल ते. पासपोर्ट आधारवरून निघाला, त्यात आणखी तिसरं.

आता मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, एकवीस वर्षांचा पूर्ण आहे, आणि आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याचा, आय-१३० अर्ज भरतो आहे. एप्रिल २०२४ पासूनची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. आईच्या अर्जाला मुलाचा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. वडिलांच्या अर्जाला तोच दाखला आणि शिवाय आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा लागतो. म्हणजे आईच्या नावातली गफलत दोन्ही अर्जांना भोवते. दाखल्यावर प्रयाग आणि पासपोर्टावर सुलोचना असेल, तर ही त्याचीच आई कशावरून? मग पुरावा मागणारं पत्र येतं, ज्याला तिकडची पोरं आरएफई म्हणतात, आणि प्रकरण काही महिने तिथंच बसतं.

यावर उपाय महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचा. नाव बदलल्याची नोंद राजपत्रात करून घ्यायची. जुनं नाव, नवं नाव, दोन्ही पूर्ण. सोबत ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम निघतं असं कोर्टाबाहेरचे टंकलेखक सांगतात. कधी निघतंही. पण राजपत्र हा सरकारी कागद आहे आणि प्रतिज्ञापत्र हे तुमचं तुम्हीच म्हणणं आहे, हा फरक तिकडं फार मोजला जातो.

लग्नाच्या नोंदणीचंही तसंच. १९७० च्या दशकात लग्न नोंदवायला कोण गेलं होतं? सध्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि त्याखाली जुनं लग्नही आज नोंदवता येतं. ग्रामपंचायत किंवा महापालिकेत अर्ज, तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका असेल तर उत्तम. पत्रिका नसेल तर लग्नाचा जुना फोटो शोधा. एक सांभाळा. प्रमाणपत्रात बाईंचं लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं पासपोर्ट आणि दाखला समोर ठेवून, अक्षर न् अक्षर तपासून घ्या. इंग्रजी स्पेलिंगात एक ‘एच’ जास्त पडला तरी तो पुढं तुमच्याबरोबर अमेरिकेला येतो.

आता जन्मदाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद नसणं साहजिक आहे, आणि हे अमेरिकन वकिलातीलाही माहीत आहे. आपल्या भागाची त्यात आणखी गंमत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तिथलं दप्तर उर्दूत. १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. जिल्ह्यांचंही तेच. लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी लातूर उस्मानाबादेत, आणि उस्मानाबादचं आता धाराशिव झालं. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. जुन्या दाखल्यावर अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद दिसतं. माणूस गाव सोडून कुठं गेला नाही, पण कागदावर त्यानं तीन जिल्हे बदलले.

यासाठी पासपोर्ट बदलत बसू नका. पासपोर्टावर जन्मगाव ‘औरंगाबाद’ असेल तर अर्जातही ‘औरंगाबाद’च लिहा. जुन्या दाखल्यावर वेगळा जिल्हा असेल तर चार ओळींचं स्पष्टीकरण जोडा, कोणता जिल्हा कोणत्या साली कशातून निघाला ते. ही माहिती जाहीर आहे, तिच्यावर कुणी शंका घेत नाही. शंका येते ती न सांगितल्यामुळे.

आणि इथं बहुतेक लोक मोठी चूक करतात. दाखला नाही म्हटल्यावर धावपळ करून, खर्च करून, आत्ताच्या तारखेला जुन्या जन्माची उशिरा नोंदणी करून घेतात. १९५० चा जन्म आणि नोंदणी २०२४ ची! असा कागद तिकडं संशयानंच वाचला जातो, कारण तो कशावरून बनवला हाच त्यांचा पहिला प्रश्न. उलट सरळ रस्ता असा. ज्या गावी जन्म झाला तिथल्या निबंधकाकडून नोंद सापडत नसल्याचा अनुपलब्धता दाखला घ्यायचा. तो नमुना १० मध्ये मिळतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, तो जितका जुना तितका वजनदार. वर दोन प्रतिज्ञापत्रं, तुमच्या जन्माच्या वेळी जे हयात होते आणि ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे अशांची. त्यात त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख, तुमच्याशी नातं आणि त्यांना हे कसं माहीत, हे सगळं यायला हवं. ‘मी यांना चांगले ओळखतो’ एवढ्यानं भागत नाही. आणि सही करणाऱ्याची जन्मतारीख आधी बघून घ्या. गुरुजींच्या कृपेनं थोरला भाऊ कागदावर धाकट्यापेक्षा लहान असतो, आणि तोच थोरल्याच्या नात्यानं धाकट्याच्या जन्माची ग्वाही देतो. असे कागद खरंच जातात.

मराठी किंवा उर्दू कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक आणि संपूर्ण आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकारानं खाली लिहून नाव, पत्ता, तारीख, सही द्यायची. बस. तिकडच्या इमिग्रेशन खात्याला त्यावर नोटरी लागत नाही, भारतीय कागदाला अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्काही लागत नाही. त्यासाठी पैसे मागणारे एजंट भरपूर आहेत. शिक्क्याच्या मागं जे लिहिलंय त्याचंही भाषांतर मात्र करा, ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थ ते तसाच घेतात.

ग्रीन कार्डाचं नसेल, नुसतं मुलाकडे सहा महिने जायचं असेल, तर गोष्ट सोपी, पण एक खड्डा आहे. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो आणि लोक समजतात दहा वर्षं राहता येतं. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. घरात किती दिवस थांबायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, बहुधा सहा महिन्यांची. पोचल्यावर आठवडाभरात मुलाकडून ती वेबसाइटवरून काढून घ्या, छापा, पासपोर्टात ठेवा. नाव किंवा तारीख चुकली असेल तर ती तिथल्या सीमाशुल्क खात्याच्या ‘डेफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात दुरुस्त होते. ही तारीख उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं. आणि तारीख उलटली की एका दिवसानंही तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो.

मुक्काम वाढवायचा असेल तर आय-५३९. फी ऑनलाइन ४२०, कागदावर ४७० डॉलर. तारीख संपायच्या निदान ४५ दिवस आधी भरा असं खातंच सांगतं. नवराबायको एका अर्जात येतात, बायकोसाठी आय-५३९ए जोडायचा. कारण खरं आणि मर्यादित लिहा. सुनेचं बाळंतपण लांबलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अमुक तारखेला परत जाणार, हे तिकीट. ‘नातवाला सांभाळायला कुणी नाही’ असं लिहिलंत तर तुम्ही पाहुणे राहत नाही, तिथले रहिवासी किंवा बिनपगारी कामगार ठरता, आणि अर्ज तिथंच बसतो.

सहीबद्दल बायांच्या मनात फार धास्ती असते. मराठीत सही चालते. वाचता येण्यासारखी असायची गरज नाही. फुलीही चालते. रबरी शिक्का चालत नाही, आणि सहीची जागा कोरी राहिली तर अख्खा अर्ज परत येतो.

बोटांचे ठसेही त्रास देतात. शेतात, भांड्याकुंड्यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. व्हिसासाठी मुंबईला ठसे द्यायला जाण्याआधी आठ-दहा दिवस रोज रात्री खोबरेल किंवा साधं क्रीम चोळा, पण त्या दिवशी सकाळी हात कोरडे पुसून जा. मेंदी टाळा.

ग्रीन कार्ड मिळालेल्यांचं दुखणं वेगळं. पेरणीला इकडं, दिवाळीनंतर तिकडं, हा आपला आवडता हिशेब. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिकडं राहायला गेलो असं लिहून दिल्यासारखं असतं. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की परतताना प्रश्न विचारायचा त्यांना हक्क मिळतो; वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर आत येता येत नाही. बियाणं, राशी, भावकीतला वाद यासाठी दीड वर्ष लागणार हे दिसत असेल तर निघण्याआधी आय-१३१ भरून रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना काढा. बहुधा दोन वर्षांचं मिळतं. अर्ज अमेरिकेत असतानाच भरायचा, ठसेही तिथंच द्यायचे. इथं येऊन भरू म्हणाल तर जमत नाही. विमानतळावर कुणी आय-४०७ हा कागद पुढं करून ‘सही करा’ म्हणालं, तर तो कार्ड सोडून दिल्याचा कागद आहे हे ओळखा. त्यावर सही करणं सक्तीचं नाही; न्यायाधीशासमोर म्हणणं मांडायचंय असं सांगता येतं. इंग्रजी येत नसेल तर हे एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा.

मुलानं घर बदललं तर दहा दिवसांच्या आत तुमचाही पत्ता एआर-११ मध्ये कळवायचा असतो. पोरं स्वतःचा कळवतात, आईवडिलांचा विसरतात, आणि कार्ड जुन्या पत्त्यावरून खात्याकडे परत जातं.

कॅनडाला जाणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं. तिथं आईवडील आणि आजीआजोबांसाठीच्या सुपर व्हिसावर जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. त्याला निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्य विमा लागतो, आणि मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असावं लागतं.

शेवटी पेन्शन. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन थांबते. दाखला पोचल्यावर थकबाकीसह सुरू होते, पण मधल्या काळात इकडचे हप्ते, औषधं, भावाला दिलेला शब्द, सगळं लटकतं. परदेशातून तो भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या सहीनं देता येतो. जीवन प्रमाण या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात चेहऱ्यावरून ओळख पटवणारा पर्यायही आहे, पण त्याला आधार अद्ययावत हवं. बँकेच्या ओटीपीसाठी इकडचं सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवा, त्याचं रिचार्ज कुणाकडे सोपवलंय ते ठरवून जा.

आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीचं नाव काय आहे ते आज घरी जाऊन काढून बघा. पासपोर्टावर सुलोचना आणि पीपीओवर प्रयागबाई असेल, तर नवऱ्याच्या माघारी तिकडं बसलेल्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळवताना तीच बायको असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि तेव्हा सांगायला तो नसतो. दुरुस्तीचा अर्ज जिथून निवृत्त झालात त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे द्यायचा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा तिथून नागपूरच्या महालेखापालांकडे जातो, कारण विदर्भ आणि मराठवाडा त्यांच्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं काम जिल्हा परिषदेतच होतं. अर्जावर दोघांच्या सह्या असाव्यात, जोडफोटो असावा, आणि राजपत्राची प्रत.