राउलीबाईंची कात्री आणि हिरव्या टोपणाची ट्यूब

नमस्कार मंडळी. इथल्या अनेकांचे आईवडील, काका-मावशी अजून दादर-डोंबिवलीला आहेत. त्यांच्यापैकी कुणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या रिपोर्टात 'टी (९;२२)' अशी एखादी ओळ असू शकते. 'टी' म्हणजे ट्रान्सलोकेशन, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या (पेशीतल्या जीन वाहणाऱ्या धाग्यांच्या) तुकड्यांची अदलाबदल. ती ओळ आली कुठून आणि चुकते कुठे, एवढंच आज बोलतो.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम दिसला. त्याचा तुकडा गळून पडला असावा, असा समज पुढे बारा-तेरा वर्षं टिकला. शिकागोच्या जॅनेट राउली क्रोमोसोमवर पट्टे उमटवायचं तंत्र ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटोतले क्रोमोसोम कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, अशी मुलं चेष्टा करत. १९७३ मध्ये बाईंनी दाखवून दिलं, की २२ नंबरचा तुकडा हरवलेला नाही, ९ नंबरला जाऊन चिकटलाय. त्याच सुमारास ८ आणि २१ ची अदलाबदल सापडली, १९७७ मध्ये १५ आणि १७ ची. तीन ल्युकेमिया, तीन वेगळे पत्ते. आमच्या मते, राउलीबाईंचं खरं काम हे तिन्ही एकत्र पाहिल्यावरच कळतं.

मुंबईतल्या लॅबमध्ये आजही काम तेच, कात्रीच्या जागी कॉम्प्युटर आला इतकंच. बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, हिरव्या टोपणाच्या हेपरिन ट्यूबमध्ये घेतात, कारण पेशी जिवंत हव्यात. २४ ते ४८ तास कल्चर, मग कोलसेमिड या रसायनाने पेशींचं विभाजन मध्येच अडवायचं, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात त्या पक्क्या करायच्या. स्लाइडवर थेंब, ट्रिप्सिन-जिम्साचे पट्टे, आणि शक्यतो २० मेटाफेज, म्हणजे विभाजनात अडवलेल्या पेशी, तपासायच्या. पेशी कमी फुगल्या तर क्रोमोसोम एकमेकांवर चढून बसतात. जास्त फुगल्या तर फुटून विखुरतात.

पण बरीच गडबड लॅबच्या दाराबाहेरच होते. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं आणि सॅम्पल गाडीतच राहिलं, किंवा कुणी भलत्या काळजीने ते थेट बर्फावर ठेवलं, की पेशी मरतात आणि रिपोर्टात 'कल्चर फेल' येतं. याचा अर्थ दोष नाही असा नव्हे! अशा वेळी 'फिश' (चमकत्या खुणा लावून ठरावीक अदलाबदल शोधणारी तपासणी) करून घ्यावी, तिला विभाजन होणाऱ्या पेशी लागत नाहीत. पीसीआरला, म्हणजे जीनच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या तपासणीला, मात्र जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब हवी. हेपरिन पीसीआरचं एन्झाइम अडवतं.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ च्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हा जोडजीन तयार होतो. त्याच्या पीसीआरच्या आकड्यावर लक्ष ठेवायचं: औषध सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांत १, वर्षभरात ०.१. हे आकडे आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरचे आहेत, तरी शक्यतो लॅब बदलू नये. सुरुवातीलाच बीसीआर-एबीएलचा प्रकार लिहून घ्या. तो दुर्मीळ असेल, तर नेहमीची टेस्ट आजार असूनही शून्य दाखवते. आकडा चढला, तर म्युटेशन (औषधाला दाद न देणारा जीनमधला बदल) शोधण्याआधी गोळ्या रोज घेतल्या जातात का ते विचारा. सीएमएलची नेहमीची गोळी इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी मळमळतं आणि मग लोक गुपचूप गोळी चुकवतात. (ही गोळी भारतात परवडते, त्यामागे १ एप्रिल २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा पेटंट नाकारणारा निकाल आहे. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती.)

१५ आणि १७ ची गोष्ट निराळी. त्या ल्युकेमियात, एपीएलमध्ये (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया), पहिल्या काही दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन रुग्ण जाऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) पाहून डॉक्टरांना संशय आला, की रिपोर्टची वाट न पाहता एट्रा या औषधाच्या कॅप्सूल त्याच दिवशी सुरू होतात, आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर राखतात. पुढे ताप, धाप आणि अचानक वाढलेलं वजन दिसलं तर ते औषधाचंच दुखणं असू शकतं. त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लगेच देतात. दोन दिवसांनी रिपोर्टात १५ आणि १७ ची अदलाबदल नाहीच निघाली, तर एट्रा बंद करता येतं.