नावं शिवलेला तंबू

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका तंबूची गोष्ट. डोंगरावर मुक्कामाला नेतात तसलाच, निळा, साधा. ट्रेसी एमिन या इंग्लिश चित्रकर्तीने 1995 साली तो साउथ लंडन गॅलरीत मांडला आणि त्याला नाव दिलं, ‘मी आजवर ज्यांच्याबरोबर झोपले ते सगळे, 1963 ते 1995’. लोक गालातल्या गालात हसले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसले. 1963 हे तिचं जन्मसाल आहे, याकडे कुणाचं लक्ष जातंय!

आत शिरायचं तर वाकून, जवळजवळ रांगतच. आतल्या कापडावर रंगीत अक्षरं कापून शिवलेली 102 नावं. प्रियकर होतेच. पण आजी होती, जिच्या कुशीत ती लहानपणी झोपायची. जुळा भाऊ पॉल होता. त्याची सोबत तर आईच्या पोटातली. आणि जन्माला न आलेली तिची दोन बाळंही होती. बाहेरचं हसू तंबूत टिकणं अवघडच.

एमिन वाढली समुद्रकाठच्या मार्गेट गावात. आईवडिलांच्या तिथल्या हॉटेलचं नाव तिने 1993मध्ये आपल्या पहिल्या कापडी पांघरुणाला दिलं. तुकडे जोडायचे, त्यावर अक्षरं शिवायची. आपण गोधडीच म्हणू. तिच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असतात, आणि ती त्या तशाच ठेवते. मला ते फार आवडतं. रात्री अकरा वाजता मनातलं लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतं?

मे 2004मध्ये पूर्व लंडनमधल्या एका गोदामाला आग लागली आणि तंबू जळाला. त्याच आगीत गेलेली चॅपमन बंधूंची एक मोठी कलाकृती त्यांनी पुढे नव्याने घडवली. एमिनने तंबू पुन्हा शिवायला नकार दिला. कापड काय, बाजारात मिळालं असतं. नावंही तिला पाठ असतील.

हे भाषण लिहिताना मी माझीही यादी करायला घेतली. आजी. दवाखान्यात बाबांच्या खाटेखाली सतरंजी टाकून काढलेल्या चार रात्री. मे महिन्यात मामाच्या गच्चीवर ओळीने घातलेल्या गाद्या. उजवीकडे मावसबहीण, हे पक्कं. डावीकडे कोण, काही केल्या आठवेना. शेवटी आईला फोन लावला.

“डावीकडे कोण असणार?” ती म्हणाली. “तिकडे पाण्याची टाकी होती.”