कुंकू नव्हतं ते

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय वृद्धाश्रमातल्या मशिनींबद्दल, म्हणजे बीपीचा पट्टा एक, शुगरचं मशीन एक आणि दंड नि बोटं वीस जणांची, असलं.

आमची आत्या सांगलीतल्या एका वृद्धाश्रमात होती, नाव नाही सांगत. रिटायर्ड बाई, गणिताच्या. एकदा सकाळी सिस्टर शुगर बघायला आल्या, आत्यानं बोट पुढं केलं आणि तिला मशिनच्या कडेला, पट्टी घालतात तिथं, तपकिरी ठिपका दिसला. म्हणली, "अगं, हे कुंकू कुठनं लागलं गं याला?" सिस्टर गप्प. कुंकू कसलं, शेजारच्या खोलीतल्या काकांचं रक्त, वाळलेलं! आत्यानं बोट पदरात घेतलं ते घेतलंच. सिस्टरनी घाईनं स्पिरिटचा बोळा फिरवला नि लगेच एप्रनला पुसलं, तर ही म्हणते, "आपापलं वाळू दे की." मग रोजचं ठरूनच गेलं, आधी डाग पुसायचा, मग जंतुनाशक वाइप फिरवायचा, डब्यावर दोन मिनिटं ओलं ठेवा असं लिहिलेलं, तर घड्याळ कशाला, आत्या अकरापासून पाढे सुरू करायची, पंधरा दाहे दीडशे झालं की मग बोट बाहेर. (आता पाव किलो भडंगाचा हिशोब करायला पण पोरं मोबाईल काढतात, असो.) महिनाभरात सिस्टरचेच पाढे पाठ झाले!

तर हिपॅटायटिस बी, कावीळच ती, तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा टिकतो, आणि डाग दिसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक माणसानंतर मशीन पुसायचं, परत सांगतो, प्रत्येक माणसानंतर. आधी घाण पुसायची, मग औषध, मग ओलं राहू द्यायचं. रक्ताचं काम नुसत्या स्पिरिटवर सोडू नका. फिनेलचा वास आला की स्वच्छता झाली असं समजणारी माणसं तर माझ्या डोक्यातच जातात.

आणि बोट टोचायचं पेन, ते ज्याचं त्याचं, सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला नाही म्हणजे नाही. बीपीच्या पट्ट्याचं राहिलंच, तो पण पुसायचा. रविवारी आईला भेटायला केळी घेऊन जाल तेव्हा तिच्या पेनवर तिच्या नावाची चिठ्ठी आहे का तेवढं बघा.