डुकराच्या कानाची चिमूटभर कातडी

श्रोतेहो, नमस्कार.

हरभरा घाट्यावर आला की रात्री वावरात रानडुकरं शिरतात. मचाणावर जागल करून डोळे लाल झालेल्या माणसाला डुकराचं कौतुक सांगितलं तर तो चिडेलच. तरी आज मी ते सांगणार आहे. रानडुकराचं नव्हे, त्याच्या पाळीव भावाचं.

मी गुरांचा डॉक्टर. माझ्या गावातला एक तरुण मळणीच्या दिवसांत ट्रॉलीवरून पाठीवर पडला. मज्जारज्जू चेंगरला, कमरेखालचं सगळं गेलं. त्याची आई रोज तळपायाला तेल चोळते आणि विचारते, "कळतं का रे?" तिनं एकदा मला विचारलं, "डॉक्टर, हाड जुळते, कातडी भरून येते, मग हेच का नाही?"

याचं कारण असं, की मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पूर्ण वाढलेल्या चेतापेशी पुन्हा विभागत नाहीत. मेल्या की जागा रिकामी राहते. तिथं कोवळ्या चेतापेशी लावता येतील का, हे शास्त्रज्ञ शोधताहेत.

पण त्या आणायच्या कुठून? वरुड-काटोलकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. त्या डोळ्यात अख्खं झाड असतं. पिकलं पान खोचून मात्र झाड येत नाही. जपानच्या शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये जणू पानाचाच डोळा करून दाखवला. उंदराच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी मागं फिरली. ती पुन्हा शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणारी मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल झाली. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डुकराच्या पेशींवर हे 2009 मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत साधलं. त्यासाठी डुक्कर मारावं लागत नाही, कानाची चिमूटभर कातडीही पुरते.

पुढचं काम फार नाजूक. आपण अंगण सारवतो तसा काचेसारख्या तबकाचा तळ प्रथिनानं सारवून घेतात, म्हणजे पेशी चिकटतात. वर गुलाबी पोषक पाणी. पेशींच्या मळानं ते आंबट होऊन पिवळं पडायला लागलं की बदलायचं, सणवार काही असो. आणि मला थक्क करणारी गोष्ट ही, की या पेशीला "चेतापेशी हो" असं फारसं सांगावं लागत नाही. "कातडी हो" असे जे रासायनिक निरोप येतात, ते अडवले की ती आपसूक मेंदूच्या वाटेला लागते. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी गोल कडं करून उभ्या दिसतात, मधे बारीक भोक, शेवंतीच्या फुलासारख्या. गर्भात मेंदूची पहिली नळी तयार होते, तिचाच हा आडवा काप म्हणा ना.

मग डुक्करच का? उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून हलका आणि गुळगुळीत. डुकराच्या मेंदूला आपल्यासारख्या वळ्या असतात, त्याचा मज्जारज्जूही जाडीला आपल्याजवळचा. शिवाय माणसाच्या पेशी डुकरात घातल्या तर त्याचं शरीर त्या परक्या म्हणून मारतं. डुकरात डुकराच्याच पेशी घातल्या तर त्या जगतात का, जुळतात का, गाठ तर होत नाही ना, हे नीट तपासता येतं. या गाठीचीच धास्ती मोठी. डुकराच्या पेशीत घातलेली जनुकं कधीकधी काम झाल्यावरही बंद होत नाहीत.

म्हणून कळकळीनं सांगतो. हे अजून संशोधन आहे, उपचार नाही. त्या आईला शहरात कुणीतरी "स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, पोरगा चालेल" म्हणून लाखांत पैसे सांगितले होते. ती दोन एकर विकायला निघाली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांत वापरतात ते सोडून स्टेम सेलचा इतर कुठलाही वापर मान्य उपचार नाही. तो फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. असं कुणी विकत असेल तर सातबाऱ्याला हात लावू नका.

आजच्या घडीला त्या मुलाला जपायचं ते अंथरुणाच्या जखमांपासून. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, टाचा रोज पाहायच्या. त्या माउलीनं घड्याळाखाली भिंतीवर खडूनं आकडे लिहून ठेवलेत: दोन, चार, सहा, आठ. रात्रीचेसुद्धा.